न बोलावलेला चहा

हेडक्लार्कांनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून बुटांचा ब्रश काढला, त्यावर फुंकर मारली आणि तो अध्यक्षबाईंच्या टेबलावर, शिक्का आणि पाण्याचा ग्लास यांच्या मधोमध, ठेवला. मग त्यांचं लक्ष बाईंच्या पायांकडे गेलं. बाई चपला घालून आल्या होत्या.

"चपलेला ब्रश कुठे मारायचा?" बाईंनी विचारलं.

"पट्ट्यांना मारता येईल," हेडक्लार्क जरा विचार करून म्हणाले. "आजवरचे सगळे अध्यक्ष बुटांतलेच निघाले."

"पण मारायचा कशासाठी?"

"चार वाजता चहाला जायचंय ना. साहेबांकडे."

गावात साहेब पैशाला पासरी होते. बँकेत साहेब, पोस्टात साहेब, वीज कंपनीत तर शिपाई सोडले तर सगळेच साहेब. पण आवाज खाली आणून नुसतं 'साहेबांकडे' म्हटलं, की ते छावणीचे ब्रिगेडियर. नगरपालिकेची वर्षातली पहिली बैठक ज्या दिवशी असेल, त्याच्या आदल्या दिवशी अध्यक्षाने छावणीतल्या बंगल्यावर जाऊन चहा पिऊन यायचं, असा रिवाज होता. हा रिवाज कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला नसल्यामुळेच तो मोडायचा कसा हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"त्यांचं बोलावणं आलंय का?"

"बोलावणं नसतं. आपण जायचं असतं."

"मग मी जाणार नाही," बाई म्हणाल्या आणि ब्रश उचलून त्यांनी हेडक्लार्कांच्या हातात परत दिला. "बोलावल्याशिवाय कुणाच्या घरी खायला-प्यायला जायचं नाही, असं आमच्या आईने आम्हा दोघी बहिणींना बजावलेलं आहे."

हेडक्लार्कांनी आधी दार लावून घेतलं, मग खुर्ची ओढली आणि एखाद्या आजाराबद्दल सांगावं तसं हळू आवाजात सगळं सांगितलं. चहाला नुसतं जायचं नसतं. ट्रेमध्ये काय येतं ते बघून यायचं असतं. बिस्किटं आली तर साहेब खूश, गावाचं सगळं ठीक चाललंय. बिस्किटांबरोबर केक आला तर पाण्याच्या टाकीसारखा मोठा विषयही बिनधास्त घ्यायचा. आणि नुसताच चहा आला, तर हातातला सगळ्यात मोठा विषय मुकाट्याने मागे घ्यायचा.

"आणि बोलताना ते काय म्हणतात?"

"काहीच नाही. गुलाबांबद्दल बोलतात. बंगल्यात गुलाब फार छान आहेत."

"कमाल आहे."

"कमाल कसली, बाई. दोन वर्षांपूर्वी बाजाराची इमारत बांधायची होती. नकाशा तयार, पैसे मंजूर. मागचे अध्यक्ष चहाला गेले आणि ट्रेमध्ये नुसता चहा. ते आले ते तोंड पाडूनच. त्याच संध्याकाळी नकाशा कपाटात गेला तो गेला. भाजीवाल्या अजून उन्हात बसतात."

बाईंनी तीस-एक वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता आणि नगरपालिकेतल्या अकरा सभासदांपैकी निम्म्याहून जास्त जणांना नकाशात दिशा भरायला त्यांनीच शिकवलं होतं. मोठेपणी हीच मुलं बिस्किटांवरून दिशा ठरवतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. त्यांना राग आला, आणि रागाच्या पाठोपाठ हसू आलं.

"उद्याचा पहिला विषय कुठला?" त्यांनी विचारलं.

"फाटकाचाच. दरवर्षी तोच असतो."

"झालं तर मग. उद्या भेटू."

आता हे फाटकाचं प्रकरण सांगायला हवं, कारण बाई निवडून आल्या त्या फाटकावरच. गावातून पलीकडच्या वस्तीत जाणारा सरळ रस्ता छावणीच्या मधून जातो. रस्ता नगरपालिकेचा, त्याच्यावरचं फाटकही नगरपालिकेचं. छावणी आपली दोन्ही बाजूंना. पूर्वी या रस्त्याने रात्री-अपरात्री कुणीही जायचं. मग नऊ वर्षांपूर्वी मागचे अध्यक्ष पहिल्यांदा चहाला गेले, तेव्हा त्या वेळचे ब्रिगेडियर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "संध्याकाळी हा रस्ता शांत असला की किती बरं वाटतं." त्या बंगल्यात गुलाब सोडून आजवर बोललं गेलेलं हे एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने ठराव केला, की फाटक संध्याकाळी सातला बंद व्हावं. तेव्हापासून दरवर्षी पहिल्या बैठकीत तोच ठराव एकमताने पुन्हा मंजूर होतो, जवान सातच्या ठोक्याला कुलूप लावतात आणि सातनंतर ज्याला पलीकडे जायचं असेल त्याने टेकडीला वळसा घालायचा.

बाईंची थोरली बहीण पलीकडे राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. त्या संध्याकाळीही अक्का बाईंच्या स्वयंपाकघरात बसून शेजारणीच्या जावयाची गोष्ट सांगत होती. गोष्ट ऐन रंगात आली होती. जावई सासऱ्याच्या दुकानात पाय टाकणार, तेवढ्यात अक्काने घड्याळाकडे पाहिलं आणि पदराला हात पुसून उठली.

"पुढे काय झालं?" बाईंनी विचारलं.

"उद्या सांगते. फाटक बंद होईल."

"नऊ वर्षं झाली," बाईंचे यजमान दारातून म्हणाले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि मेव्हणीला चिडवणं हा त्यांचा जोडधंदा. "नऊ वर्षांत अक्कांची एक गोष्ट शेवटाला गेलेली नाही. मी मरेन आणि त्या जावयाचं काय झालं ते मला कळणार नाही."

"उद्या माझ्याकडे जेवायला या दोघं," अक्का चपला घालता घालता म्हणाली. "फाटक उघडलं की रात्री आरामात परत या. सगळी गोष्ट सांगते."

अक्का गेली आणि बाईंना एकदम सुनंसुनं वाटलं. सख्खी बहीण हाकेच्या अंतरावर, आणि दिवेलागणीनंतर ती परदेशात असल्यासारखी. लोकांची दुखणी बाईंना ठाऊक होती. रात्रपाळीचे कामगार होते, दवाखान्यात जाणारी माणसं होती. त्या सगळ्यांसाठी त्या निवडणुकीत बोलल्या होत्या आणि खोटं बोलल्या नव्हत्या. पण मनाच्या तळाशी त्यांना हवी होती ती बहिणीबरोबरची संध्याकाळ, आणि ती मागताना त्यांना लाजही वाटत नव्हती.

जरा वेळाने मागचे अध्यक्ष आले. आता ते उपाध्यक्ष होते. गावात त्यांना पाठीमागे 'नऊ कप' म्हणत, आणि हे त्यांना माहीत नाही असं फक्त म्हणणाऱ्यांनाच वाटे. धिप्पाड, सज्जन माणूस. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तेही पलीकडेच राहायचे, अक्काच्याच गल्लीत. पण आज घाबरून फाटकाची वेळ चुकवून बसले होते.

"बाई, तुम्ही गेला नाहीत," ते खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले.

"नाही गेले."

"साहेबांना काय वाटलं असेल?"

"ते त्यांनी सांगितलं तर कळेल."

"ते सांगत नाहीत, बाई. तेच तर समजून घ्यावं लागतं." नऊ कप खरोखरच कळवळून बोलत होते. "मी नऊ वर्षं हेच केलं. त्यांच्याकडे बंदुका आहेत हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. माणसं चांगली आहेत. पण बंदुका आहेत ना."

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं? फाटक उघडं असावं की बंद?"

हा प्रश्न नऊ कपांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. ते चहा न घेताच उठले आणि वळसा घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक सुरू झाली. बाईंनी "विषय पहिला, फाटक" असं म्हटलं आणि तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. हेडक्लार्क खिडकीशी गेले आणि तिथेच खिळले. दार उघडून ब्रिगेडियर आत आले. एकटेच होते, साध्या शर्टात, हातात टोपी घेतलेली.

सगळे सभासद उभे राहिले. कुणी कुणाला खूण केली नाही, खुर्च्या आपोआप मागे सरकल्या. हेडक्लार्क तर उभेच होते, ते आणखी ताठ झाले. बसून राहिल्या त्या एकट्या बाई.

"बसा," बाई म्हणाल्या. शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, आणि निम्मे लोक सवयीने मटकन खाली बसले. उरलेल्यांनी आधी साहेबांकडे पाहिलं. ब्रिगेडियरांना समजेना, की हे आपल्याला म्हटलं की त्यांना.

"मी कुठे बसू?" त्यांनी विचारलं.

"मागे नागरिकांसाठी बाकं आहेत."

ब्रिगेडियर मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक बुटकं होतं, त्यांचे गुडघे वर आले. मग त्यांनीच शाळेतल्या मुलासारखा हात वर केला आणि बाईंनी बोला म्हणून मान हलवली.

"मी माफी मागायला आलोय," ब्रिगेडियर म्हणाले. "काल चहा मांडून वाट पाहिली. कुणी आलं नाही. बायको म्हणाली, तुम्ही नक्की काहीतरी बोलला असाल. मी नाही बोललो. बदली होऊन आलो तेव्हा माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. अध्यक्ष दरवर्षी चहाला येतात, त्यांना चहा द्यायचा, गुलाबांबद्दल बोलायचं आणि गावाच्या कारभाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आपण त्यात पडायचं नाही, असं ते म्हणाले होते. मी तसंच केलं. तरी काही चुकलं असेल तर सांगा."

नऊ कप हळूहळू उभे राहिले. त्यांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"साहेब, दोन वर्षांपूर्वी मी आलो होतो," ते म्हणाले. "तेव्हा बिस्किटं नव्हती."

"बिस्किटं?"

"नुसता चहा होता."

ब्रिगेडियरांनी आठवून पाहिलं. मग त्यांचा चेहरा खुलला. "हां, तेव्हा माझ्या रक्तात साखर निघाली होती. बायकोने घरातलं गोडधोड सगळं उचलून देऊन टाकलं. पाहुण्यांसाठी तरी काही ठेव म्हटलं, तर म्हणाली, समोर आलं की तुम्ही खाल. का? काय झालं?"

सभासदांपैकी औषधाच्या दुकानदाराने रुमाल तोंडाला लावला. दोघंतिघं खाली मान घालून हसायला लागले. नऊ कप मात्र हसले नाहीत. ते खाली बसले आणि खिडकीबाहेर, जिथे भाजीवाल्या डोक्यावर ओली फडकी टाकून बसल्या होत्या, तिकडे बघत राहिले. बाईंना त्यांची मनापासून दया आली. नऊ वर्षं एक माणूस गप्प बसणाऱ्यांचा अर्थ लावत होता, आणि त्यांना काही म्हणायचंच नव्हतं.

"काही झालं नाही," बाई म्हणाल्या. "आमचंच काहीतरी झालं. आता आलाच आहात तर एक सांगा. फाटक संध्याकाळी बंद असावं, अशी छावणीची इच्छा आहे का?"

"आमची?" ब्रिगेडियर चकित झाले. "आम्हाला वाटायचं तुमचीच आहे. दरवर्षी तुमचा ठराव येतो, आम्ही कुलूप लावतो. खरं सांगायचं तर कुलूप असलं की पोरांना पहारा सोपा जातो. पण उघडं राहिलं म्हणून काही बिघडत नाही. दोन माणसं जास्त उभी करू." मग त्यांनी मोकळ्या मनाने सभासदांकडे पाहिलं. "तुमची अडचण होत असेल तर उघडा की."

बास. एवढ्यावर काम झालं. औषधवाला उठून म्हणाला, "साहेबांची हरकत नाही, मग आमची कशाला असेल? मी म्हणतो फाटक उघडावं. एकमताने." आणि टेबलाच्या दोन्ही बाजूंनी हात वर जायला लागले. पाच, सात, दहा. कालपर्यंत फाटकाचं नाव काढलं तरी खाली बघणारी माणसं आज हसतमुखाने हात वर करत होती आणि हात वर करता करता मागच्या बाकाकडे बघत होती.

बाई मनाने अक्काकडे पोहोचल्यासुद्धा. झालं. आज रात्री फाटक उघडं. अक्काकडे पोटभर जेवायचं, जावयाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकायची आणि चांदण्यातून चालत घरी. त्यांनी नोंदीसाठी पेनाचं टोपण काढलं. आणि पेन हातात तसंच धरून त्या थांबल्या. दहाच्या दहा माना एकाच दिशेला वळल्या होत्या. ती दिशा बाईंची नव्हती. नऊ कपांचा हातही वर होता, पण तो कोपरात वाकलेला होता, आणि चेहरा असा, की हात दुसऱ्याचाच असावा.

हे साहेब भले आहेत, बाईंच्या मनात आलं. पुढचे कसे असतील कुणास ठाऊक.

"हात खाली," त्या म्हणाल्या.

हात खाली आले.

"साहेब, तुम्ही आलात, स्पष्ट बोललात, फार बरं झालं. आता तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही. आमच्या सोयीचं बोललात. म्हणूनच बाहेर बसा म्हणते."

ब्रिगेडियरांना समजलं असावं, कारण त्यांनी टोपी उचलली, मान लववली आणि बाहेर जाऊन दार आपल्या हाताने लावून घेतलं. हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले.

"आता बोला," बाई म्हणाल्या. "साहेबांना काय वाटतं ते कळलं. ज्याला त्याला स्वतःला काय वाटतं ते सांगा. मला उघडं हवंय, हे सगळ्यांना माहीतच आहे. त्यामुळे माझ्याकडे बघायची गरज नाही."

माणसं टेबलावरचे पेपरवेट फिरवत बसली. मग औषधवाला चाचरत म्हणाला, की खरं म्हणजे फाटक उघडलं तर आपले लोक पलीकडच्या दुकानात जातील की पलीकडचे आपल्याकडे येतील, याचा त्याला नीट अंदाज नाही. त्यावर पलीकडची एक सभासद ताडकन म्हणाली, की तुझ्या गल्ल्यासाठी आमच्या बायकांनी टेकडी चढायची का? मग एक जण म्हणाला चोऱ्या वाढतील. दुसरा म्हणाला, चोर काय टेकडीला वळसा घालून दमतात का? आणि मग जे सुरू झालं ते सुरूच झालं. आवाज चढले, एकाने दुसऱ्याच्या वडिलांचा उद्धार केला आणि लगेच मागे घेतला, हेडक्लार्कांचं नोंदी घेणारं पेन संपलं. नऊ वर्षांत या खोलीत कुणी भांडलं नव्हतं. बाईंना वर्ग शांत करायची जन्माची सवय, पण त्यांनी टेबलावर हात आपटला नाही. त्या मजेत ऐकत राहिल्या. चहा झाला, दिवे लागले, भाजीवाल्या उठून गेल्या.

शेवटी मतं घेतली. उघडण्याच्या बाजूने, बाई धरून, पाच. बंद ठेवण्याच्या बाजूने पाच. राहिले नऊ कप. ते भांडणात एक शब्दही बोलले नव्हते. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं, तर बाई मुद्दाम खाली बघत होत्या.

"बंद असावं," नऊ कप म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. या वेळी कोपर सरळ होतं.

"कारण?" औषधवाल्याने विचारलं.

"मला तसं वाटतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज थोडा फाटला, पण हात खाली आला नाही.

बाईंना वाईट वाटलं. त्यांनी नोंद सांगितली: फाटक सातला बंद, सहा विरुद्ध पाच. स्वतःच्या तोंडाने स्वतःचा पराभव सांगताना आवाज बरा लागला, याचंच त्यांना नवल वाटलं. आणि बाहेर येता येता त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला वाईट वाटतंय ते फक्त वाईट वाटतंय. कालच्यासारखं सुनंसुनं वाटत नाहीये.

नऊ कपही मागोमाग आले. ब्रिगेडियर पायऱ्यांवर उभे होते. निकाल ऐकून ते हळहळले.

"मला थांबू दिलं असतंत तर उघडलं असतं," ते म्हणाले.

"हो, उघडलं असतं," बाई म्हणाल्या.

"बरं, मग निदान चला, गाडीतून सोडतो. तुम्हा दोघांना पलीकडे जायचंय का? आता सात वाजून गेले, पण माझ्यासाठी पोरं फाटक उघडतात."

नऊ कपांचा एक पाय गाडीत पडलासुद्धा होता.

"ठराव आत्ताच झालाय, साहेब," बाई म्हणाल्या. "आम्हीच मोडायचा म्हणजे काय. तुमचं घर तिथे आहे, तुम्ही जा. आणि गुलाब बघायला बोलावलंत तर मी येईन, माझ्या यजमानांना घेऊन. बैठकीच्या आदल्या दिवशी मात्र नको."

ब्रिगेडियर हसले आणि गेले. नऊ कपांनी पाय काढून घेतला. दोघं टेकडीच्या रस्त्याने चालायला लागली.

पहिला चढ चढून दोघं वर आली. वर वारा छान होता. बाईंच्या चपलेचा पट्टा चावत होता आणि मनातल्या मनात त्या नऊ कपांना दोन गोष्टी सुनवत होत्या. पण त्या म्हणाल्या एवढंच, "कारण सांगितलं नाहीत तुम्ही."

"एवढंसं आहे. हसतील सगळे."

"मी नाही हसणार."

"ट्रक," नऊ कप म्हणाले. "फाटक उघडलं की रात्री सगळे ट्रक सरळ आमच्या गल्लीतून जाणार. आमची नात सहा महिन्यांची आहे. मांजर चाललं तरी उठते. तिला झोपवताना सुनेची काय दशा होते ते बघवत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "काल तुम्ही विचारलंत ना, तेव्हापासून शोधत होतो मला काय वाटतं ते. हात वर केल्यावर सापडलं."

बाई थांबल्या. "ट्रकच ना? मग ट्रकांना बंदी घालू. माणसं आणि सायकली जाऊ देत."

"स्कूटर?"

"स्कूटरने नात उठते?"

"आमच्या शेजाऱ्याच्या स्कूटरने मेलेला माणूस उठेल."

"मग त्याच्या स्कूटरचं वेगळं बघू."

"आणि रिक्षा?" नऊ कप म्हणाले. आता ते भराभर चालायला लागले होते. "रिक्षाचं सोपं नाही, बाई. रिक्षा सोडली की टेम्पो म्हणणार, मी काय वाईट केलं. ते नीट ठरवावं लागेल. पुढच्या बैठकीत आणता येईल का हे?"

"आणता येईल. पण दवाखान्यात न्यायचं माणूस रिक्षातच जातं, हे तुम्हाला मान्य करावं लागेल."

"मान्य करीन असं म्हटलेलं नाही मी. विचार करीन."

असं भांडत भांडत दोघं टेकडी उतरून गल्लीत आली. अक्काच्या दारात दिवा होता. बाईंचे यजमान फाटक बंद व्हायच्या आतच पलीकडे येऊन बसले होते आणि भुकेने कावले होते. अक्का दारातच उभी होती. घामाने डबडबलेल्या बहिणीला आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या नऊ कपांना बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"वळशाने आलात? म्हणजे हरलीस का? काय झालं फाटकाचं?"

बाईंनी बोलायला तोंड उघडलं, पण नऊ कप पुढे झाले.

"चर्चा चालू आहे," ते म्हणाले.

"मग दारात कशाला? आत या," अक्का म्हणाली आणि आणखी एक ताट घ्यायला वळली.